ना खेड्यात, ना शहरात : छोट्या गावांच्या नळाची फाईल

पेडण्याहून वेंगुर्ल्याला जायला तासभर लागतो. भाषा तीच, दशावतार तोच, माशाचे हुमणही जवळजवळ तेच. फरक पडतो तो पाण्याच्या बिलात. वेंगुर्ल्यात नळाचे बिल नगरपरिषद देते. पेडण्यातही नगरपालिका आहे, पण तिचा नळाशी काही संबंध नाही. तिथे वर्षानुवर्षे बिल आले ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, म्हणजे आपली वर्तमानपत्रे ज्याला ‘साबांखा’ म्हणतात त्याचे. नळ कोरडा पडला की वेंगुर्लेकर नगराध्यक्षाला गाठतो आणि पेडणेकर आमदाराला. घागर मोर्चासुद्धा आपल्याकडे पालिकेवर जात नाही, साबांखाच्या कार्यालयावर जातो.

गोव्याबाहेरच्या मराठी मित्रांना हे सांगितले की ते चकित होतात. बेळगावच्या, बडोद्याच्या माणसाला पाणी म्हणजे नगरपालिका हे समीकरण जन्मापासून पाठ असते. ‘मग तुमच्या नगरपालिका करतात काय?’ असा प्रश्न येतो. (त्याचे उत्तर मी देत नाही. सरकारी नोकर आहे.) पण हा फरक पडला कसा, हे शोधायला गेलो तर वाट थेट दिल्लीच्या अनुदानांपर्यंत जाते, आणि तिथे एक मोठी गंमत दिसते. गंमत म्हणायचे, पण ज्या गावाला चार दिवसांनी एकदा पाणी येते त्याला ती गंमत वाटायची नाही.

मी कारकून माणूस. कुठले खाते ते सोडा. एवढ्या वर्षांत एक सवय लागली आहे. योजनेचे नाव कितीही भारदस्त असो, माझी नजर आधी तीन गोष्टींवर जाते: पात्र कोण, टक्केवारी किती, आणि खर्चाचे शीर्ष कोणते. योजनेचा सगळा जीव या तीन ओळींत असतो, बाकीचे भाषण. आपल्या देशातल्या छोट्या शहरांच्या पाण्याचा इतिहास याच तीन ओळींतून वाचता येतो, आणि तो असा की ‘खेडे’ आणि ‘शहर’ या दोन शब्दांच्या मधल्या फटीत ही गावे कितीतरी वर्षे पडून राहिली.

आधी हिशेब समजून घेऊ. दहा हजार वस्तीचे एक गाव घ्या. भुयारी गटार नसलेल्या गावात नळाने माणशी रोज ७० लिटर पाणी द्यावे असे सरकारी मानक आहे. म्हणजे दिवसाला सात लाख लिटर, ७०० घनमीटर. नदी गावाबाहेर, खाली. तिथे जॅकवेल बांधायची, पंप बसवायचे, चढत्या नळातून पाणी शुद्धीकरण केंद्रावर आणायचे, मग उंच टाकीत, मग गल्लीबोळांतून वाटायचे. हे सगळे तीन लाखांच्या शहरालाही लागते आणि दहा हजारांच्या गावालाही. शहरात तो खर्च तीन लाख माणसांत वाटला जातो. गावात दहा हजारांतच. पंपाजवळ रात्री बसणारा माणूस लहान गावाला अर्धा चालत नाही, पुराच लागतो.

आता वीज. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला पुस्तकी हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंपातली आणि नळातली घट धरली तर ०.४ म्हणा. सातशे घनमीटरला रोज २८० युनिट, वर्षाला लाखभर युनिट. गाव डोंगरावर असेल, नदी लांब असेल, तर याहून जास्त. हे बिल दर महिन्याला येते आणि ते भरायला कुठलेही अनुदान नसते. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

जुन्या काळी मोठ्या गावाला राजा होता आणि खेड्याला विहीर. मलिक अंबरने सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर आणली, पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजचे पाणी पुण्यात आणले. संस्थानिकांनीही तेच केले. सयाजीराव महाराजांनी बडोद्यासाठी आजव्याचे सयाजी सरोवर बांधले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तिघरा धरण बांधले (१९१६), त्याला विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारे बसवली. हैदराबादेत १९०८ चा मुसा नदीचा महापूर झाला आणि त्यातून पुढे १९२० साली उस्मानसागर उभा राहिला. ही कामे खरोखर मोठी. पण ती राजधानीची कामे होती. राजा जिथे राहतो तिथे पाणी येते, हा नियम आजही फारसा बदललेला नाही असे काही लोक म्हणतात. असो.

ब्रिटिश मुलखात राजाऐवजी नगरपालिका आली. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि तालुक्याच्या गावांतही निवडून आलेले पुढारी खुर्चीवर बसू लागले. जबाबदारी मिळाली, तिजोरी मिळाली नाही. जकात आणि घरपट्टी यांवर कारभार. मोठे काम काढायचे तर कर्ज काढा. त्यासाठी स्थानिक संस्थांच्या कर्जाचा कायदाही होता, १९१४ चा. मुंबईपुण्याला कर्ज फेडता येते, कारण तिथे पट्टी देणारे व्यापारी आणि गिरण्या असतात. बाजाराच्या गावात एक आठवडी बाजार आणि दोन वखारी, तिथे कर्ज कोण देणार आणि कोण फेडणार? त्या गावांनी तलाव आणि विहिरी यांवर भागवले, आणि उन्हाळ्यात पखालवाल्यावर.

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट सुधारायला हवी होती. १९५४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. आरोग्य मंत्रालयाचा कार्यक्रम. पटकी आणि विषमज्वर हटवायचा तर आधी पाणी शुद्ध हवे, हे त्यामागचे सरळ तर्कशास्त्र. कागद चांगला होता. फक्त एक ओळ अशी होती: खेड्यांच्या योजनांना केंद्राचे अनुदान, शहरांच्या योजनांना केंद्राचे कर्ज.

वरवर पाहता यात गैर काही नाही. खेडे गरीब, त्याला मदत द्या. शहर कमावते, त्याने फेडावे. पण शहर म्हणजे काय? मुंबईही शहर आणि दोन हजार उंबऱ्यांची, नगरपालिका असलेली वस्तीही शहर. नगरपालिका असली की झाले शहर. नगरपालिका नसली तरी पाच हजार वस्ती, पुरुष कामकऱ्यांपैकी पाऊणजण शेतीबाहेरचे आणि चौरस किलोमीटरला चारशे माणसे असली की जनगणनेच्या दृष्टीने तेही शहर. या एका शब्दाने त्या गावाचे अनुदान गेले आणि त्याच्या वाट्याला कर्ज आले. शेजारचे खेडे अनुदानाला पात्र, आणि ज्या गावात त्या खेड्याचे लोक बाजाराला, दवाखान्याला, शाळेला येतात ते गाव अपात्र. आयुर्विमा महामंडळही पुढे पाण्याच्या योजनांना कर्ज देऊ लागले, पण विम्याचे पैसे शेवटी व्याजासह परत करायचे असतात. राज्य सरकारे हमी देत. फेडता आले नाही तर ते राज्याच्या अनुदानातून कापून घेत. म्हणजे पाणी नाही आले तरी हप्ता जातच राही.

१९६३ साली एका समितीने नगरपालिकांच्या उत्पन्नाचा प्रश्न नीट हाती घेतला. तिचे अध्यक्ष होते डॉ. रफीक झकेरिया, त्या वेळचे महाराष्ट्राचे नगरविकास मंत्री. कुठल्या आकाराच्या नगरपालिकेने पाणी, दिवे, रस्ते यांवर माणशी किती खर्च करायला हवा याची मापे या समितीने आखून दिली. नगरपालिकांच्या अर्थकारणावर लिहिणारे लोक पुढे कित्येक वर्षे त्या मापांचा आधार घेत राहिले. माप मिळाले, कापड मात्र मिळाले नाही.

मग १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांजवळ तो विषय काढा, अजून आवाज बदलतो. त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, केंद्राने वर्धित वेग ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम काढला. यात शंभर टक्के अनुदान. ज्या खेड्याला १.६ किलोमीटरच्या आत किंवा १५ मीटर खोलीच्या आत पाणी नाही ते ‘समस्याग्रस्त’. निकष स्वच्छ आणि मोजता येण्याजोगे. या कार्यक्रमाने देशातल्या लाखो खेड्यांत हातपंप आणि नळ पोहोचवले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण फट तशीच राहिली. बायकांना दीड किलोमीटर पायपीट करावी लागणारे खेडे पात्र, आणि तेवढीच पायपीट करणारी नगरपालिकेची वस्ती अपात्र.

इथे आपल्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. चार्ल्स कुरैया. मूळचे गोमंतकीय घराणे, जन्म सिकंदराबादचा, काम मुंबईचे. पणजीची कला अकादमी त्यांनी घडवली म्हणून आपल्याला ते ठाऊक. पण देशाच्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते हे आपल्याकडे कमी लोकांना आठवते. त्या आयोगाचा अहवाल १९८८ साली आला. मुंबई-कलकत्त्याकडे लोटणारी गर्दी थांबवायची तर छोटी आणि मध्यम शहरे बळकट करा, हा त्यातला एक मुख्य सूर. वाढीची ताकद असलेली ३२९ गावे आयोगाने हेरून दाखवली होती. आयोगाचे सगळे काही अमलात आले असे नाही, किंबहुना फारच थोडे आले. पण छोट्या शहरांकडे स्वतंत्रपणे बघायला हवे ही गोष्ट दिल्लीच्या कागदावर चढली.

आणि मग १९९३. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. १ जूनला ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली, आणि त्यात पाचव्या क्रमांकावर घरगुती, औद्योगिक आणि व्यापारी वापराचा पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे १९९३-९४ मध्ये, केंद्राने वर्धित वेग नागरी पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला. खेड्यांच्या कार्यक्रमानंतर तब्बल एकवीस वर्षांनी त्याचा शहरी भाऊ जन्माला आला.

हा कार्यक्रम मला मनापासून आवडतो, कारण त्याची पात्रतेची ओळ एकदम नेमकी होती: १९९१ च्या जनगणनेत ज्यांची लोकसंख्या २०,००० च्या आत आहे अशीच शहरे. देशभरात अशी २,१५१. मोठ्या शहराला यात शिरकावच नाही. निम्मे पैसे केंद्राचे, निम्मे राज्याचे, आणि त्यातच ५ टक्के वाटा गावाने उचलायचा. अग्रक्रम कुणाला? जिथे माणशी पाणी अगदीच कमी मिळते, जिथे उगम लांब किंवा खोल आहे, जिथे पाण्यात क्षार, फ्लोराईड, लोह किंवा आर्सेनिक जास्त आहे, जिथे पाण्यातून पसरणारे रोग वारंवार येतात, जिथे दुष्काळ नेहमीचा. वेंगुर्ल्याएवढे, खानापुराएवढे गाव डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी ही टिपणी लिहिली असावी असे वाटते. चाळीस वर्षे ज्या आकाराच्या गावाला कुणी विचारत नव्हते त्या आकाराचीच रांग लावली.

रांग मात्र हळू सरकली. दरवर्षी अर्थसंकल्पात येणारी रक्कम आणि २,१५१ गावे यांचा मेळ बसणे कठीणच. त्यात फाईलीचा प्रवास. आधी राज्याने गावांची यादी करायची, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग केंद्राचा पहिला हप्ता, मग राज्याचा जुळता हप्ता. पहिल्या हप्त्याचे खर्चाचे प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा नाही. राज्याचा हप्ता मार्चच्या शेवटी येतो आणि खर्च दाखवायचा असतो त्याच मार्चमध्ये. ज्या गावच्या पालिकेत एक अभियंता आणि दोन कारकून, तिथे ही प्रमाणपत्रे वेळेवर जाणार कशी? अनुदान लहान गावासाठी आणि कागदपत्रे महानगराची, हा आपल्या सगळ्याच योजनांचा जुना आजार आहे. मी त्या कागदांच्या बाजूचा माणूस, म्हणून खात्रीने सांगतो.

दुसरा आजार विजेच्या बिलाचा, तो मघाचा. अनुदान मिळायचे ते बांधकामाला. टाकी, नळ, पंप. चालवायला नाही. टाकीचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, आणि सहा महिन्यांनी थकबाकीपोटी वीज तोडली जाते. महाराष्ट्रात योजना बांधायला १९७६ च्या कायद्याने एक मंडळ झाले, १९९७ पासून ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. मंडळाने बांधायचे आणि पालिकेने चालवायचे अशी वाटणी. पण बांधणाऱ्याला चालवण्याची चिंता नसली की योजना मोठी होते, आणि चालवणाऱ्याचा बांधण्यात हात नसला की ती आपली वाटत नाही.

याच व्यवस्थेत वेगळे करून दाखवणारी गावेही निघाली. कऱ्हाडला लागून असलेले मलकापूर हे त्यातले नावाजलेले. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झाले. जीवन प्राधिकरणानेच उभारलेली योजना, पण प्रत्येक जोडणीला मीटर, आणि वापर वाढेल तसा टप्प्याने चढणारा दर. चोवीस तास पाणी म्हटल्यावर लोक सोडून देतील, सगळे वाहून जाईल असे वाटते. उलट होते. उद्या येईल की नाही ही भीती गेली की पिंप भरून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी ते ओतून देणे थांबते. बेळगावातही जागतिक बँकेच्या मदतीने काही भागांत २००८ पासून हा प्रयोग झाला. पण बेळगाव मोठे, त्याच्यामागे बँक. मलकापूर लहान, म्हणून मला त्याचे जास्त कौतुक.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आणले, आणि छोट्या शहरांचा स्वतंत्र कार्यक्रम त्याच्या एका उपयोजनेत विलीन झाला. टक्केवारी बघाल तर सुधारली: केंद्राचे ८०, राज्याचे १०, उरलेले १० गावाने किंवा कर्जाने. पण पात्रतेची ओळ बिघडली. अभियानातली त्रेसष्ट मोठी शहरे सोडून बाकी सगळी एकाच रांगेत. वीस हजारांची मर्यादा गेली. आता खानापूर बेळगावाच्या मागे उभे, आणि वेंगुर्ले कोल्हापुराच्या मागे. प्रकल्प अहवाल ज्याचा आधी तयार, त्याचा नंबर आधी. सल्लागार कंपनी नेमायची ऐपत कुणाची, हे सांगायला नको. त्या त्रेसष्टांत राजधानी म्हणून आपली पणजीही होती, मुंबई-दिल्लीच्या पंगतीत. ६० हजारांच्या आतले ते महानगर!

२०१५ मध्ये ‘अमृत’ आले, तेही ५०० मोठ्या शहरांपुरते, लाखावर वस्तीची आणि राजधान्या. छोटी शहरे पुन्हा बाहेर. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आले, ते खेड्यांसाठी. म्हणजे २०१५ ते २०२१ या काळात १९५४ ची फट परत तंतोतंत तिथेच उघडली. ती बुजवायचा प्रयत्न झाला ऑक्टोबर २०२१ मध्ये, ‘अमृत’च्या दुसऱ्या फेरीत. त्यात सगळी वैधानिक शहरे आली, आणि टक्केवारीही शहाणपणाची ठरली: दहा लाखांवरच्या शहराला केंद्राचे २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश, लाखाच्या आतल्याला निम्मे. जेवढे गाव लहान तेवढा हात मोठा. एवढी साधी गोष्ट कागदावर यायला साडेसहा दशके लागली.

आता गोव्याकडे. हे सगळे महाराष्ट्र-कर्नाटकात चालले होते तेव्हा आपण काय करत होतो?

पोर्तुगीज अमदानीत पणजी झऱ्यांवर जगत होती. फोंतेन्हास हे नावच झऱ्यावरून आलेले, आणि बोक-द-व्हाकचा झरा तर अजून लोकांच्या तोंडी आहे. बाकी गोव्यात बांय, झर आणि व्हाळ. नळाचे पाणी मोठ्या प्रमाणावर आले ते १९५७ मध्ये, खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून, दिवसाला ८० लाख लिटर. मुक्तीपूर्वी चार वर्षे. मुक्तीनंतर गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित राहिला. त्यामुळे केंद्राचा हप्ता, राज्याचा जुळता हप्ता, गावाचा वाटा ही तिहेरी कसरत आपल्याला करावी लागली नाही. पैसा दिल्लीहून प्रशासनाकडे आणि प्रशासनाकडून साबांखाकडे. १९६८ च्या कायद्याने आपल्या नगरपालिका घडल्या, पण नळ त्यांच्या हाती आलाच नाही. घटनादुरुस्तीनंतरही नाही.

आणि साबांखाने एक वेगळीच वाट धरली. प्रत्येक गावाला वेगळी योजना नाही. नदीवर मोठा प्रकल्प बांधायचा आणि त्याच्या एकाच नळावर शहर, गाव, वाडा सगळे जोडायचे. अशा सात प्रादेशिक योजना झाल्या: ओपा, अस्नोडा, साखळी, साळावली, दाबोस, चांदेल आणि काणकोण. पणजी आणि फोंडा ओपावर, म्हापसा अस्नोड्यावर, वाळपई दाबोसवर, पेडणे चांदेलवर, मडगाव-वास्को साळावलीवर. मघाचा हिशेब आठवा. वाळपई, पेडणे, सांगे, केपे, काणकोण, साखळी ही सगळी वीस हजारांच्या आतली गावे. प्रत्येकाने आपली जॅकवेल, आपले शुद्धीकरण केंद्र बांधले असते तर एकालाही परवडले नसते. एकत्र केल्यामुळे परवडले. खेडे की शहर हा प्रश्नच गोव्याच्या नळाने विचारला नाही. मला वाटते, साबांखाला आपण एवढ्या शिव्या घालतो, पण या एका निर्णयाचे श्रेय त्याला कधी दिले नाही.

मोल मात्र द्यावे लागले. साळावलीच्या धरणात १९८० च्या दशकात कुर्डी गाव गेले. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी. तिथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड दगड सोडवून दुसरीकडे उभे केले. माणसांचे पुनर्वसन झाले, पण शेती, कुळागर, देवराई यांचे तसे होत नाही. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरते, गावाचे अवशेष वर येतात आणि लोक आपल्या देवाला भेटायला जातात. मडगावच्या नळात पाणी येते त्याच्या पाठीमागे ही गोष्ट आहे.

दुसरे मोल एकाच नळावर अवलंबून राहण्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ महामार्गाच्या कामाच्या ठिकाणी ओपाची मुख्य वाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी आणि फोंड्याचा मोठा भाग कित्येक दिवस कोरडा पडला. ऐन पावसात, चतुर्थीच्या तोंडावर. ज्यांच्या घरामागची बांय बुजवलेली नव्हती त्यांच्याकडे शेजारी कळश्या घेऊन गेले. आमच्या वाड्यावरची जुनी बांय लोकांनी त्यानंतरच साफ केली.

तिसरे मोल दिसत नाही, पण मला तेच जास्त वाटते. पाणी नगरपालिकेच्या हाती नसल्यामुळे आपल्या छोट्या शहरांना पाण्याचा हिशेब माहीतच नाही. आपल्या गावाला रोज किती लाख लिटर येते, त्यातले किती गळते, त्याची वीज किती, दर कसा ठरतो, हे वाळपईच्या नगरसेवकाला विचारा. त्याचा दोष नाही, ती फाईल त्याच्या टेबलावर कधी आलीच नाही. मलकापूरच्या लोकांनी मीटर स्वीकारला तो सभेत भांडून. आपल्याकडे २०२१ मध्ये महिन्याला १६ हजार लिटर मोफत पाणी जाहीर झाले, तेही वरूनच. अलीकडे पाण्याचे खाते साबांखातून वेगळे काढले गेले आहे. टेबल बदलले, मजला मात्र तोच.

आणि ती जुनी फट? ती गोव्यात वेगळ्या रूपाने आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ७० शहरे मोजली गेली. त्यांतली पालिका असलेली फक्त १४: पणजी महापालिका आणि तेरा नगरपालिका. उरलेली ५६ ही जनगणनेची शहरे, कळंगुट, शिवोली यांसारखी. लोक शेती करत नाहीत म्हणून ती शहरे झाली, कारभार मात्र पंचायतीचा. जनगणना म्हणते गोवा ६२ टक्के शहरी. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले, तेव्हा आकडा दिला गेला २.६३ लाख ग्रामीण घरांचा. आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. २०११ मध्ये गोव्याची ग्रामीण लोकसंख्या होती साडेपाच लाख. २.६३ लाख घरे म्हणजे घरटी दोन माणसे! तसे असत नाही. हिशेब लागतो तो एकाच रीतीने: ही छप्पन्न गावे जनगणनेच्या वहीत शहर आणि पाण्याच्या वहीत खेडे. यात लबाडी नाही, पंचायत आहे म्हणजे खेडे हा नियमच आहे, आणि या वेळी तो आपल्या फायद्याचा ठरला. १९५४ मध्ये वेंगुर्ल्याला ‘शहर’ या शब्दाने मारले, २०२२ मध्ये कळंगुटाला ‘खेडे’ या शब्दाने तारले.

पण सांडपाण्याच्या, गटारांच्या, टाक्यांच्या पुढच्या योजना ‘अमृत’सारख्या वैधानिक शहरांसाठी येतात तेव्हा हीच गावे बाहेर राहतात. तिथे पर्यटक येतात लाखांनी, आणि अनुदान मोजले जाते ते कायम राहणाऱ्या वस्तीवर. वित्त आयोगाचे पैसे येतात ते पंचायतीच्या मापाने. पंधराव्या आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला होता. कळंगुटाच्या पंचायतीने त्यात काय काय बसवायचे?

जनगणना २०२७ ची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तिच्या याद्या आल्या की छप्पन्नाची किती होतात ते कळेल. आमच्या शेजारच्या पंचायतीचा नंबर त्यात लागणार असे आत्ताच चहाच्या टपरीवर बोलले जाते. काहीजण खूश आहेत, जमिनीला भाव येईल म्हणून. एका म्हाताऱ्या सदस्याने मात्र विचारले, ‘नळाचे बील वाडटले काय रे?’ मी म्हटले, नाही काका, बिलाला जनगणना लागत नाही. आमचे हे बोलणे चालू असतानाच पंचायतीच्या वाटेने पाण्याचा टँकर गेला.